मूल स्वतःला सावरायला कसं शिकतं: घरी आणि वर्गात काय करायचं, पायरी पायरीने

सर वर्गाबाहेर गेले की दोन मिनिटांत वर्गाचा बाजार होतो हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. कडक सर असतील तर त्यांच्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते आणि तेच सर ऑफिसात गेले की खडू उडायला लागतात, बाकं वाजायला लागतात, कोणीतरी रडायला लागतं. मी गेली सतरा वर्षं पाचवी ते आठवीच्या मुलांना शिकवते, घरी माझी स्वतःची दोन आहेत, एक सहावीत आणि एक सीनियर केजीत, आणि मला हळूहळू जे कळलं ते असं की त्या शांत वर्गात आवर मुलांच्या आत कधी आलाच नव्हता, तो सरांच्या छडीत होता. छडी गेली की आवरही गेला.

म्हणून हा लेख. मूल गप्प कसं बसवायचं ते इथे मिळणार नाही, मूल स्वतःला सावरायला कसं शिकतं आणि त्यात आपण मोठ्यांनी रोज नेमकं काय करायचं ते मी लिहिणार आहे. थोडं लांबलंय, पण ज्यांच्या घरात रोज संध्याकाळी युद्ध होतंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आधी समजून घेऊ की हे आहे काय

याला सेल्फ-रेग्युलेशन म्हणतात, पुस्तकी मराठीत स्व-नियमन. मला आपला "सावरणं" हाच शब्द बरा वाटतो. राग आला तरी हात न उचलणं, पट हरल्यावर सोंगट्या उधळून न देणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, पेपर अवघड निघाला तरी रडकुंडीला न येता पुढचा प्रश्न बघणं. आणि मरगळ आलेली असताना स्वतःला उठवून कामाला लावणं, हे पण यातच येतं, ते आपण विसरतो.

याच्या मुळाशी डोक्यातली तीन कामं असतात. एक म्हणजे थांबणं, तोंडावर आलेलं उत्तर किंवा हातात आलेला फटका क्षणभर रोखणं. दुसरं म्हणजे सांगितलेलं डोक्यात धरून ठेवून काम करणं. आपण म्हणतो "दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू आणि येताना तुझा डबा घेऊन ये", मूल मोरीपर्यंत जातं आणि डबा विसरतं, तो दरवेळी आगाऊपणा नसतो, तिसरी सूचना डोक्यातून सांडलेली असते. तिसरं म्हणजे वळण बदलणं, पीटीचा तास रद्द झाला, आज आत्या येणार होती ती नाही आली, आता दुसरं काहीतरी करू, हे स्वीकारणं. काही मुलांना पहिलं जमतं आणि तिसरं अजिबात जमत नाही, म्हणून "माझं मूल हट्टी आहे" असं सरसकट म्हणण्याआधी नक्की कुठे अडतंय ते बघायला हवं.

ही तिन्ही कामं मुख्यतः मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला साधारण पंचविशी उजाडते. दोन-अडीच वर्षांचं मूल दुकानात जमिनीवर लोळतं कारण त्याची इच्छा मोठी झालेली असते आणि आवर अजून आलेला नसतो. चार-पाच वर्षांचं थोडा वेळ थांबू शकतं, पण कोणी सोबत असेल तर. आठ-नऊ वर्षांचं स्वतःच्या मनाने गृहपाठाला बसू शकतं, पण रोज नाही. आणि तेरा-चौदाला सगळं पुन्हा डळमळीत झाल्यासारखं वाटतं, तोच मुलगा एकटा असताना शहाण्यासारखा वागतो आणि चार मित्र जमले की भलतंच करतो, या वयात थरार आणि मित्रांची वाहवा यांची ओढ जबरदस्त असते आणि ब्रेक अजून कच्चेच असतात. वयानुसार अपेक्षा ठेवली की आपला निम्मा राग तिथेच कमी होतो.

मार्शमॅलोची गोष्ट, आणि ती अर्धीच का सांगतात

तुमच्या व्हॉट्सॲपवर ही आलीच असेल. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या शेवटी बालवाडीतल्या मुलांसमोर मार्शमॅलोसारखी एक मऊ गोड गोळी ठेवली, सांगितलं की मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील. थांबलेली मुलं पुढे अभ्यासात जास्त चमकली, असा निष्कर्ष जगभर फिरला आणि आपल्याकडे पालक मुलांसमोर पेढे ठेवून परीक्षा घ्यायला लागले.

पुढची गोष्ट कमी लोक सांगतात. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९०० हून जास्त मुलांची माहिती घेऊन हेच तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती, आईवडिलांचं शिक्षण वगैरे लक्षात घेतल्यावर तो फरक खूपच कमी उरला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो सेलेस्ट किड यांचा २०१३ साली छापून आलेला छोटासा प्रयोग. फक्त २८ मुलं. आधी चित्र काढताना मुलांना सांगितलं, थांब, मी तुला छान नवीन रंग आणून देते. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले, उरलेल्यांना "सॉरी, नाहीयेत" म्हणून सांगितलं. मग गोड गोळी समोर ठेवली. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची ३ मिनिटं.

म्हणजे ज्या मुलाला "संध्याकाळी बागेत नेते" असं दहा वेळा सांगून आठ वेळा नेलं नाही, ते मूल हातातलं चॉकलेट आत्ताच खाऊन टाकणार, आणि त्याच्या अनुभवावरून ते बरोबरच वागतंय. थांबायला शिकवायचं असेल तर आधी आपला शब्द खरा व्हायला पाहिजे. जमणार नसेल तर कबूल करू नका, आणि केलं तर कितीही उशीर झाला तरी बागेत दहा मिनिटं जाऊन या.

हे सगळं शिकवून येतं का, की ज्याचं त्याचं नशीब? न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा आजतागायत पाठपुरावा चालू आहे. २०११ साली मॉफिट, कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहानपणचा आवर आणि बत्तिसाव्या वर्षीची तब्येत, पैशाची घडी यांचा संबंध दिसतो, पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्यांचा आवर मोठं होताना सुधारला त्यांचं पुढे अपेक्षेपेक्षा बरं झालं. मला त्यातलं दुसरं वाक्य धीर देतं.

पायरी १: आठ दिवस फक्त वही लिहा

काहीही बदलायच्या आधी हे करा. जुनी अर्धी कोरी वही घ्या आणि प्रत्येक मोठ्या भडक्यानंतर पाच गोष्टी लिहा: किती वाजले होते, काय झालं, त्याच्या अर्धा तास आधी काय चाललं होतं, आपण काय केलं आणि शांत व्हायला किती वेळ लागला. निवाडा नको, "उद्धटपणे बोलला" असं लिहू नका, "मी टीव्ही बंद केल्यावर रिमोट फेकला" असं लिहा.

माझी मोठी पाचवीत असताना रोज संध्याकाळी धाकट्यावर खेकसायची. मला वाटायचं मत्सर आहे, मी तिला भावंडांच्या प्रेमावर लेक्चर द्यायचे. वहीत आठ दिवसांत सहा नोंदी निघाल्या आणि सहाही साडेसहा ते सातमधल्या. मग डोक्यात आलं की डबा अर्धा परत येतोय, शाळा सुटल्यावर पाच ते सव्वासहा क्लास आहे आणि मधे पोटात काही नाही. क्लासला जाताना पोळीचा लाडू आणि केळं द्यायला लागले तर त्या आठवड्यात खेकसणं दोनदाच झालं. त्या दोनदाचं कारण वेगळं होतं, ते तिने नंतर स्वतः सांगितलं. पण जे भुकेचं होतं त्यावर मी दोन महिने उपदेश करत होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

वहीत बहुतेकवेळा याच गोष्टी निघतात: भूक, अपुरी झोप, एका कामातून दुसऱ्यात जाताना होणारी ओढाताण, खूप गर्दी-आवाज (लग्न, हळदीकुंकू, मॉल), आणि अभ्यासात न जमणारी एखादी गोष्ट जी मूल कबूल करत नाही.

पायरी २: आधी शरीराकडे बघा

डॉक्टरांच्या शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास, ६ ते १२ ला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ ला ८ ते १० तास झोप हवी. आता आपल्या घरचा हिशोब करा. रात्री साडेअकराला झोपून सहाच्या स्कूलबससाठी उठणारं मूल रोज अडीच-तीन तासांच्या तोट्यात असतं, आणि झोप कमी झाली की सगळ्यात आधी सावरण्याची ताकदच जाते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा नंतर भरवायला सांगितलं ते याच कारणाने. पण शाळा नऊला गेली म्हणून आपण रात्रीची सिरीयल आणखी लांबवली तर उपयोग शून्य.

खेळणं पण हवंच, घाम येईपर्यंत आणि शक्यतो मोकळ्यावर. ज्या दिवशी पावसामुळे माझ्या वर्गाला मैदान मिळत नाही त्या दिवशी शेवटच्या दोन तासांना मुलं सांभाळणं किती अवघड जातं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. म्हणूनच मस्ती केली म्हणून पीटीचा तास काढून घ्यायची शिक्षा मी बंद केली.

पायरी ३: भडका उडालेला असताना तुम्ही काय करायचं

इथे थोडं सावकाश वाचा. लहान मूल स्वतःहून शांत होत नाही, ते आपल्याकडून शांतपणा उसना घेतं. तान्हं बाळ खांद्यावर घेतल्यावर आपला श्वास संथ असेल तर त्याचा संथ होतो, आपण धसमुसळेपणाने थोपटलं तर ते अजून रडतं. सहा वर्षांच्या मुलालाही तेच लागतं आणि बाराच्या मुलालाही, फक्त ते आता खांद्यावर मावत नाही.

तर क्रम असा. पहिलं, आपण एक लांब श्वास सोडायचा, घ्यायचा नाही, सोडायचा, सोडताना जास्त वेळ. दुसरं, खाली बसायचं, म्हणजे आपलं तोंड त्याच्या तोंडाच्या पातळीला. तिसरं, शब्द कमी आणि आवाज खाली. "तुला खूप राग आलाय. मी इथंच आहे. मारू देणार नाही मी, हात धरतेय तुझा." बास. "किती वेळा सांगितलं तुला", "लोक बघतायत", "बाबांना सांगू का", यातलं काहीही नको, कारण त्या क्षणी ऐकून समजून घेणारा भाग बंद पडलेला असतो, आपण भिंतीशी बोलत असतो. चौथं, थांबायचं. पाच मिनिटं तुम्हाला तासासारखी वाटतील. पाचवं, ज्या गोष्टीसाठी रडारड चालली होती ती गोष्ट देऊन टाकायची नाही. जवळ घ्या, पाणी द्या, पण मोबाईल मिळणार नव्हता तर तो मिळणार नाही. प्रेम भरपूर आणि नियम तोच, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

बोलायचं ते नंतर, रात्री गादीवर पडल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी शाळेत सोडताना. "काल काय झालं होतं रे? आधी काय वाटलं? पुढच्या वेळी काय करून बघू या?" एवढंच.

एकत्र कुटुंबात खरी अडचण वेगळीच असते. मूल रडायला लागलं की आजीचा जीव कळवळतो आणि बिस्किटाचा पुडा निघतो, आणि मग आपण सगळा राग सासूबाईंवर काढतो. भांडून ते सुटत नाही, मी करून बघितलंय. मूल शांत असताना, चहा पिताना मी त्यांना म्हटलं, "आई, तो रडायला लागला की पहिली पाच मिनिटं मी बघते, नाही जमलं मला तर तुम्ही घ्या त्याला." त्यांना मान राहिला आणि मला पाच मिनिटं मिळाली. नंतर त्यांनीच एकदा त्याला मांडीवर घेऊन नुसतं थोपटलं, बिस्किट न देता, आणि तो माझ्यापेक्षा लवकर शांत झाला.

आणि आपलाच तोल गेला तर? जातोच. मी पण ओरडते. अशा वेळी शांत झाल्यावर मुलाला सरळ सांगा, "मघाशी मी ओरडले, मला खूप राग आला होता, पण ओरडायला नको होतं. सॉरी." त्याने आपला धाक कमी होतो असं वाटतं ना, पण चुकल्यावर परत रुळावर कसं यायचं हे मुलाला दुसरीकडे कुठेच बघायला मिळत नाही.

पायरी ४: भावनांना नावं द्या, मराठीत द्या

मुलं सगळ्यालाच "राग आला" किंवा "बोअर होतंय" म्हणतात. आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा: रुसणं, हिरमुसणं, खट्टू होणं, वैतागणं, बावरणं, ओशाळणं, धास्तावणं, कानकोंडं होणं, हेवा वाटणं. हे सगळे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. सातवीतला एक मुलगा फळ्यावर गणित चुकल्यावर शेजारच्याला ढकलायचा, सगळे म्हणायचे रागीट आहे. मी त्याला एकटं गाठून विचारलं, "राग आला, की ओशाळल्यासारखं झालं?" तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दुसरं." त्यानंतर मी त्याला गणित आधी वहीत सोडवून दाखवायला सांगायचे आणि मग फळ्यावर बोलवायचे. ढकलाढकली हळूहळू थांबली.

भावनेला शब्द दिल्याने खरंच फरक पडतो, २००७ मध्ये लॉस एंजेलिसला मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये बघितलं की भावनेला नाव दिल्यावर धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डला, थोडा थंडावतो.

शरीरातल्या खुणा पण शिकवा, कारण त्या शब्दांच्या आधी येतात. कान गरम होणं, मुठी आवळणं, पोटात गोळा येणं, घशात आवंढा, छातीत धडधड, दातओठ खाणं. माझा धाकटा हल्ली येऊन सांगतो, "आई माझे कान गरम झाले." हे सांगायला त्याला आठ महिने लागले. पण कान गरम झाल्यावर तो येतो, म्हणजे फटका मारायच्या आधी येतो.

पायरी ५: खेळ, आणि ते आपल्याकडे ढीगभर आहेत

यासाठी महागडे कार्ड-सेट विकत घ्यायची गरज नाही. "शिवाजी म्हणतो" घ्या, शिवाजी म्हणतो हात वर, तर वर, नुसतं "हात खाली" म्हटलं तर हलायचं नाही. हा थांबण्याचा शुद्ध व्यायाम आहे. "चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र" तसाच. विष-अमृत मध्ये विष मिळालं की पुतळा होऊन उभं राहायचं, आजूबाजूला सगळे पळत असताना. स्टॅच्यू, लंगडी, बदाम सात, सापशिडी, सगळ्यात थांबणं आणि आपली पाळी आहे.

अमेरिकेत मेगन मॅक्लेलंड आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांचा आवर मोजायला एक चाचणी बनवलीये, त्यात "डोक्याला हात लाव" म्हटलं की मुलाने पायाच्या बोटांना हात लावायचा, म्हणजे उलटं करायचं. मी हे वाचलं आणि वर्गात "उलटा शिवाजी" सुरू केला, शिवाजी म्हणतो वर की खाली, उजवा की डावा. पहिल्या दिवशी सगळे चुकले आणि खूप हसले. महिनाभराने मीच चुकायला लागले कारण त्यांचा वेग वाढला. दिवसाला दहा मिनिटं पुरतात, पण रोज.

भातुकलीला तर मी सगळ्यात वर ठेवीन. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारी मुलगी खोट्या घरातली आजी झाली की वीस मिनिटं कंबरेत वाकून चालते, मधेच तिला पळावंसं वाटतं पण आजी पळत नाही ना. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी हेच मांडलं होतं की खेळात मूल भूमिकेच्या नियमाखातर स्वतःची हौस बाजूला ठेवतं. पुढे १९४० च्या दशकात मानुइलेन्को या संशोधिकेने पाहिलं की मुलांना नुसतं "स्थिर उभं रहा" म्हटल्यावर ती जेवढी थांबतात त्यापेक्षा पहारेकरी बनून बरीच जास्त वेळ उभी राहतात. म्हणून पाहुण्यांकडे जाताना "शहाण्यासारखा बस" याऐवजी "आज तू किल्ल्याचा पहारेकरी" म्हणून बघा.

वर्गासाठी आणखी एक, शांततेचा खेळ, मॉन्टेसरी पद्धतीतला. मारिया मॉन्टेसरी स्वतः १९३९ ते १९४६ भारतात होत्या, आणि त्याच विचारांचं बीज ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत नेलं, झाडाखाली, परिसरातल्या वस्तू घेऊन. खेळ सोपा आहे, सगळ्यांनी डोळे मिटायचे, काय काय ऐकू येतं ते ऐकायचं, मग मी एकेकाचं नाव कुजबुजत घेणार आणि त्याने आवाज न करता माझ्याकडे यायचं. इथे शांतता शिक्षा म्हणून येत नाही, मुलं ती स्वतः तयार करतात, आणि त्यांना ती आवडते, पुन्हा घ्या म्हणतात.

पायरी ६: स्वतःशी बोलू द्या

"सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक." गणित करताना पुटपुटणाऱ्या मुलाला आपण "मनात कर" म्हणून दटावतो. नका दटावू. आधी मोठ्यांचं बोलणं बाहेरून येतं, मग मूल तेच मोठ्याने स्वतःला सांगतं, मग पुटपुटतं आणि शेवटी ते आत जातं, हा रस्ता आहे, हेही वायगॉट्स्कींनीच दाखवलं. मधलं स्टेशन गाळलं तर शेवटचं येत नाही. उलट आपणच आपला विचार मोठ्याने बोलून दाखवायचा: "किल्ली सापडत नाहीये, मला धांदल होतेय, थांब, शेवटची कुठे ठेवली होती, आधी पर्स बघते."

थोड्या मोठ्या मुलांसाठी "जर-तर" वाक्य. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. "मी आता भांडणार नाही" हा संकल्प दुपारपर्यंत टिकत नाही, पण "जर कोणी मला जाड्या म्हटलं, तर मी वळून नळावर पाणी प्यायला जाणार" हे टिकतं, कारण वेळ येण्याआधीच काय करायचं ते ठरलेलं असतं. वाक्य मुलाने स्वतः बनवायचं, आपण सुचवलेलं चालत नाही. मग दोन-तीनदा नाटक करून सराव घ्यायचा, तुम्ही चिडवणारा व्हा, त्याला नळावर जाऊ द्या.

पायरी ७: अभ्यासातलं सावरणं (आठवी ते दहावीवाल्यांनी हे मुलांना वाचायला द्या)

बॅरी झिमरमन यांनी हे तीन टप्प्यांत मांडलं, अभ्यासाच्या आधी, अभ्यास चालू असताना आणि झाल्यावर. आपल्याकडे सगळा जोर मधल्यावर, "बसलाय का अभ्यासाला?" पण पहिला आणि तिसरा नसेल तर मधले तीन तास वाया जाऊ शकतात.

आधी: "आज सायन्स करणार" हे प्लॅनिंग झालं नाही. "सात ते पावणेआठ, रासायनिक समीकरणं संतुलित करायची दहा उदाहरणं, पुस्तक बंद ठेवून" हे झालं. म्हणजे काय, किती, कधी, आणि झालं हे कसं कळणार. पाणी, वही, कंपास आधीच जवळ, फोन दुसऱ्या खोलीत, सायलेंटवर टेबलावर नाही, दुसऱ्या खोलीत. आणि एक अंदाज लिहायचा, दहापैकी माझी किती बरोबर येतील. हा अंदाज फार महत्त्वाचा आहे, पुढे सांगते.

चालू असताना: दर पंधरा-वीस मिनिटांनी एकच प्रश्न, "मी आत्ता वाचलेलं पुस्तक मिटून सांगू शकतो का?" नुसतं पुन्हा पुन्हा वाचणं आणि हायलाइटर मारणं यातून "मला येतंय" असं वाटतं, पण ते ओळखीचं वाटणं असतं, येणं नसतं. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात स्वतःची परीक्षा घेणं आणि तोच भाग काही दिवसांच्या अंतराने करणं या दोन्ही सगळ्यात वर आल्या, आणि हायलाइट करणं, पुन्हा वाचणं खाली. अडलं तर काय करायचं तेही आधी ठरवा, पाच मिनिटं स्वतः, मग सोडवलेलं उदाहरण, मग खूण करून पुढे, उद्या बाईंना विचारायचं. अडल्यावर फोन उचलायची सवय इथूनच लागते.

झाल्यावर: अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी लिहा. अंदाज नऊ आणि बरोबर पाच आले तर मुलाला आपोआप कळतं की आपलं "येतंय" किती खरं आहे, आपण बोलायची गरजच पडत नाही. माझ्या वर्गात वीस मार्कांच्या चाचणीआधी सगळे हा अंदाज लिहितात. जूनमध्ये फरक सहा-सात मार्कांचा असतो, दिवाळीनंतर बऱ्याच जणांचा दोन-तीनवर येतो.

मग चुकांची वही. पेपर मिळाला की प्रत्येक चुकीपुढे लिहायचं: आलंच नाही, आलं पण वेळ पुरला नाही, की प्रश्न नीट वाचला नाही. "सिली मिस्टेक" हा शब्द माझ्या वर्गात चालत नाही, कारण त्याने चूक झाकली जाते. एका मुलीच्या सगळ्या सिली मिस्टेक उणे चिन्ह कंसातून बाहेर काढताना व्हायच्या, ते कळल्यावर आठ दिवसांचं काम होतं. पालकांनी मार्कांवर बोलायच्या आधी ही वही मागावी, आणि ती वाचून चिडू नये, नाहीतर पुढच्या वेळी ती खोटी भरली जाईल.

पायरी ८: मोबाईल

इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ च्या सूचना अशा: २ वर्षांखाली स्क्रीन नाही, २ ते ५ ला दिवसाला जास्तीत जास्त १ तास, ५ ते १० ला २ तासांपेक्षा कमी. पण वेळेइतकंच महत्त्वाचं आहे ते बंद कसं करतो. चालू व्हिडिओच्या मध्येच हातातून खेचून घेऊ नका, संपायची जागा आधीच ठरवा, "हा एपिसोड संपला की तूच बंद करून माझ्या हातात देणार." पहिले काही दिवस शेजारी बसा. स्वतः बंद केल्यावर तेवढंच म्हणा, "तू स्वतः बंद केलास, बघितलं मी." आणि रडणाऱ्या मुलाला शांत करायला मोबाईल देऊ नका, कारण मग रडण्यातून बाहेर यायचा तो एकच रस्ता त्याला माहीत राहतो.

शिक्षकांसाठी थोडं

तासाची सुरुवात रोज सारखी ठेवा, फळ्यावर दिवसाचा क्रम लिहा आणि काही बदल असेल तर सकाळीच सांगा. एक काम संपायच्या पाच मिनिटं आधी सूचना द्या. चुकलेल्या मुलाचं नाव फळ्यावर लिहू नका, बाकाजवळ जाऊन हळू बोला. वर्गात मागे एक चटई टाकून ठेवा, तिथे कोणीही पाच मिनिटं जाऊन बसू शकतं, ती शिक्षेची जागा होता कामा नये. मुलं सुरुवातीला गंमत म्हणून जातात, पंधरा दिवसांत नवलाई संपते. आणि शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंद केलेत, त्यावर चर्चा नाही.

एवढं करूनही काही हलत नसेल तर

दोन-तीन महिने मनापासून करून बघा. तरी मूल रोज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, शाळेत जायचंच नाही म्हणत असेल, किंवा बोलणं-हसणं एकदम कमी झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा बाल-मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि इजा मोठी वाटत असेल तर दोन-तीन महिने थांबूच नका. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार) असेल तर लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून, सहा महिन्यांहून जास्त काळ आणि घर-शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसतात, फक्त घरीच किंवा फक्त एकाच बाईंच्या तासाला दिसत असतील तर कारण बहुतेक दुसरीकडे असतं. वाचन-लेखनाची अडचण, कमी ऐकू येणं, चष्म्याचा नंबर, हेही तपासून घ्या, फळा न दिसणारं मूल पण "लक्ष देत नाही" म्हणूनच ओळखलं जातं. सरकारच्या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाईनवर, १४४१६ वर, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं, पालकांनाही. आणि डॉक्टरांकडे जाताना ती पहिल्या पायरीतली वही बरोबर न्या, कधी होतं, कुठे होतं, आधी काय असतं, हेच ते सगळ्यात आधी विचारतात.